झुलत्या पुलाच्या शहाण्णव बोल्टांची हकीकत

श्री. ज्याचे कारखान्यांत लहानथोर प्रत्येक जीव आपापले मापाचे जागीं बसविला जातो त्या विश्वकर्म्यास प्रथम दंडवत, आणि ऐकणारे जे कोणी असतील त्यांस रामराम. हकीकत ऐसी जे, शके अठराशें एकोणऐंशी, हेमलंबी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेचे दिवशीं राज्यांत हुकूम फिरला कीं, आजपासोन इंच आणि सूत हीं मापें रद्द, यापुढें मिलिमीटर चालावा. राज्य कोणतें हें विचारूं नये. राज्यांत एक नदी होती, ऐलतीरीं राजधानी होती, पैलतीरीं पेठ होती, आणि दोहोंमध्यें थोरले महाराजांनीं बांधविलेला झुलता लोखंडी पूल होता, इतकें ठाऊक असलें म्हणजे पुरे. आतां सूत म्हणजे काय तेंही सांगितलें पाहिजे, कारण हल्लीं तें कोणास ठाऊक नसतें आणि नसल्याची लाजही वाटत नाहीं. इंचाचे आठ भाग केले तर त्यांतला एक तो सूत. दोन सुती, तीन सुती, चार सुती ऐशा नांवांनीं बोल्ट ओळखले जात, आणि सरकारचे यच्चयावत् बोल्ट ज्या कोठारांत राहत त्या कोठाराचे मालक म्हणा, चाकर म्हणा, अंताजीपंत मापनवीस होते.

अंताजीपंतांची ख्याती मोठी. कोणी लोहार, कोणी गाडीवान, कोणी मोटेचें चाक मोडलेला माणूस तुटका बोल्ट मुठींत घेऊन येई आणि म्हणे, असाच द्या. मग पंत तो हातांत घेत आणि प्रथम अंगाची जाडी पाहत, डोक्याची नव्हे. कारण डोकें मोठें दिसलें म्हणजे अंगही मोठें असेल ऐसें लोकांस वाटतें आणि निम्मे लोक तेथेंच फसतात. मग डोक्याखालून शेंड्यापर्यंत लांबी घेत, आणि मग अंगठ्याचे नखानें अंगावरचे मळसूत्री आटे मोजीत कीं एका इंचांत किती बसतात. जाडी जमली, लांबी जमली आणि आटा जमला नाहीं, तर तो बोल्ट घरीं नेऊन उपयोग नाहीं, हें ते येईल त्यास सांगत. आणि सर्वांत शेवटीं विचारीत कीं, यानें धरावयाचें काय आहे. कारण दाराचा बोल्ट निराळा आणि पंपाचा निराळा. दार उगी राहतें, पंप दिवसभर थरथरतो. मग तो माणूस पंपाची कथा सांगे, पंपावरून विहिरीची, विहिरीवरून भावाशीं जालेल्या भांडणाची, आणि पंत तीं सर्व ऐकून घेत, आणि दुपार टळे, आणि जातांना तो माणूस म्हणे कीं, येतों पंत. ऐसें पंचवीस वर्षें चाललें. मग नवा हुकूम जाला, पलीकडचे चौकांत दशमान कोठार उघडलें, तेथें खिडकीला जाळी बसविली, आंत नंबर सांगावा आणि बाहेर पुडकें यावें ऐसी सोय जाली, आणि लोकांस ती सोय बहुत आवडली. पंतांचे कोठाराकडे माणूस फिरकेनासा जाला. बायको तर पांच वर्षांमागेंच गेली होती. पंत सकाळीं कुलूप काढीत, दुपारीं गल्ल्याशेजारीं बसून भाकरी खात, सायंकाळीं कुलूप लावीत, आणि रविवारीं दोनचार खणांतले बोल्ट मुद्दाम एकांत एक मिसळून ठेवीत, म्हणजे सोमवारीं निवडावयास कांहीं काम राहील. हें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. सांगावें ऐसा कोणी उरलाही नव्हता.

उरली होती ती एक लेक. तिचें नांव वेणूबाई, पैलतीरीं पेठेंत दिली होती, जांवई दशमान कचेरींतच कारकून. पूल चालू होता तोंवर वेणूबाई दर गुरुवारीं बाजाराचे निमित्तानें येई, कोठारांत गोणीवर बैसे, मांडीवर सूप घेऊन गहूं निवडी आणि सासरची एकेक हकीकत सांगे, आणि पंत हूं हूं करीत बोल्ट पुसत बसत. पंतांचा आठवडा गुरुवारपासोन सुरू होई आणि गुरुवारींच संपे, मधले दिवस नुसते रेटावयाचे. मग कार्तिकांत पुलाचे बोल्ट गंजले म्हणून दुरुस्तीकरितां पूल बंद जाला. होडी चालू होती, पण सासूबाईंस नदीचें भय, सुनेस होडींत बसूं देईनात, आणि बापानें लेकीचे सासरीं जाऊन बसावें ही रीत नव्हती. मग कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष माघ गेले, आणि पंत रोज सायंकाळीं कुलूप लावून नदीकांठीं जात आणि दगडावर बसून पुलाचें काम कोठवर आलें तें पाहत. आपण पूल पाहावयास जातों ऐसें ते स्वतःस सांगत. पाहत मात्र पेठेकडे.

पुलाची मोहीम सुभेदार गुणाजीराव यांजकडे होती. सुभेदार नवे मापाचे पंडित, खिशांत कायम पोलादी पट्टी, बोलणें चुरचुरीत, आणि कोणतेंही काम मुदतीचे आधीं संपविण्याची त्यांस मोठी हौस. पुलाखालीं आडव्या तुळया होत्या, आणि त्या तुळयांस थोरले महाराजांचे वेळचे शहाण्णव नट रिवेट मारून कायमचे बसविलेले होते. ते काढावे तर तुळयाच काढाव्या लागतील, मग आणखी वर्ष लागेल. तेव्हां सुभेदारांनीं मसलत काढली कीं, नट जुनेच राहूं द्यावे आणि बोल्ट तेवढे नवे घालावे. नट चार सुती. चार सूत म्हणजे बारा मिलिमीटर आणि वर सात दशांश. सुभेदारांनीं विचार केला कीं, वरचे सात दशांश म्हणजे निव्वळ धूळ, आणि बारा मिलिमीटरचे शहाण्णव बोल्ट आणविले, आणि मजूर ते बसवूं लागले. आतां मौज ऐसी जाली कीं, बोल्ट नटांत गेला, दोन आटे सुखानें फिरला आणि अडला. पुढें जाईना. डोकें तुळईपासून पाव इंच वरच राहिलें. मजुरांनीं विचारिलें कीं, साहेब, मान उघडी राहते. सुभेदार म्हणाले, त्या फटींत वायसर भरा. मग एकेका बोल्टास तीन तीन वायसर, म्हणजे भोंकाच्या लोखंडी चकत्या, घातले, पोकळी बुजली, वायसर नवे असल्याकारणें उन्हांत चकाकूं लागले आणि पुलास जणूं कोणी पैंजण घातले ऐसें दिसूं लागलें. आणि दशमान कचेरीचा कायदा ऐसा होता कीं, जो बोल्ट पान्ह्यानें पुढें फिरत नाहीं तो घट्ट. म्हणोन तालमींतला एक पैलवान आणिला, त्यास प्रत्येक पान्ह्यास लोंबकळविलें, बोल्ट तसूभर फिरला नाहीं, आणि कारकुनानें शहाण्णव वेळां घट्ट ऐसें लिहून घेतलें. तो कारकून म्हणजे पंतांचा जांवईच. बिचाऱ्याचें अक्षर मात्र मोत्यासारखें होतें.

फाल्गुनांतले एके सायंकाळीं पंत दगडावर बसले असतां त्यांस ते तीन तीन वायसर दिसले. एका डोक्याखालीं तीन वायसर कशास, हें त्यांस उमगेना. मग ते उठले, पुलाखालीं दुरुस्तीची फळी टांगली होती तीवर चढले, आणि खालचे बाजूनें नट पाहिला. नीट बसलेल्या बोल्टाचा शेंडा नटाबाहेर एकदोन आटे डोकावतो, हें लोहाराचे पोरास ठाऊक. येथें शेंडा दिसेना. पंतांनीं नटाचे तोंडांत करंगळी घातली, आणि करंगळी पहिले पेरापर्यंत आंत गेली. दुसरे नटांत घातली, तिसऱ्यांत घातली, दहाव्यांत घातली, सर्वत्र तेंच. जुने नटास इंचांत आटे बारा, नवे बोल्टास साडेचौदा. दोघांचें चालणें निराळें, दोन पावलें बरोबर चालले आणि मग एकमेकांचे पायांत पाय अडकून उभे राहिले. पैलवानास तें घट्ट वाटलें. दोन आट्यांचे जोरावर सारा पूल टांगला होता, आणि अक्षय्य तृतीयेस पूल खुला व्हावयाचा होता.

मग चैत्रांत, विलंबी संवत्सर नुकतें लागलें होतें, पंतांनीं एक जुना नट, एक चार सुती बोल्ट आणि एक बारा मिलिमीटरचा ऐसे तीन जिन्नस रुमालांत बांधिले, धुवट अंगरखा घातला आणि दरबारीं अर्जी गुजारिली. महाराज स्वतः सिंहासनीं होते, पण बोलण्याचें काम दिवाण रंगरावबापूंकडे असे. पंतांनीं मुजरा करून सर्व सांगितलें आणि नट बोल्ट पुढें ठेविले. दिवाणसाहेबांनीं बारा मिलिमीटरचा बोल्ट उचलून नटांत घातला, फिरविला, तो दोन आटे गेला आणि अडला. मग दिवाणसाहेबांनीं जोर लाविला, हालेना. ओढून पाहिला, निघेना. मग त्यांनीं तो महाराजांस दाखविला, महाराजांनीं ओढून पाहिला, आणि मानकऱ्यांनीं हातोहात फिरवून ज्यानें त्यानें ओढून पाहिला, आणि सर्वांचें एकमत पडलें कीं हा तर चांगला घट्ट आहे. पंत हात जोडून म्हणाले,

“सरकार, तो अडकला आहे. आवळलेला नाहीं.”

यांत फरक काय, हें दरबारांत कोणास कळेना. पंत सांगूं लागले कीं, आवळलेला बोल्ट साऱ्या आट्यांनीं धरतो आणि अडकलेला दोहोंनीं, आणि हातानें ओढणें निराळें आणि चारशें माणसांचें ओझें निराळें. खात्री नसेल तर वाळूचीं पोतीं रचून पूल पाहावा, जें होईल तें पोत्यांचें होईल. सुभेदार गुणाजीराव म्हणाले कीं, पोतीं रचावयास आठ दिवस, उतरवावयास आठ दिवस, मुहूर्त टळेल. मुहूर्ताचें नांव निघतांच महाराज अस्वस्थ जाले. मग दिवाणसाहेबांनीं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढविला आणि गोड आवाजांत विचारिलें,

“पंत, गेले महिन्यांत आपणच अर्ज केला होता ना, कीं सुताचें कोठार आणखी एक वर्ष राहूं द्यावें? आणि आतां आपणच म्हणतां कीं सुताचे बोल्टांवांचून पूल पडेल.”

दरबारांत हंशा पिकला. महाराजही हंसले. पंतांचें तोंड उतरलें, कारण अर्ज त्यांनीं केला होता हें खरें होतें आणि कोठारासाठीं जीव तुटत होता हेंही खरें होतें, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असून बोल्टही खोटाच होता, हें सांगावें कैसें. मग ठराव जाला कीं, मापनविसांस वयोमानें भ्रम होतो, सबब अक्षय्य तृतीयेचेच दिवशीं सुताचें कोठार मोडावें आणि सर्व जुना माल भट्टींत घालावा. पंतांनीं नट बोल्ट रुमालांत बांधिले. बाहेर येतांना कोणी त्यांचेबरोबर चार पावलें आला नाहीं. ज्यांचे गाड्या, ज्यांचे पंप, ज्यांचे भावांशीं जालेलीं भांडणें त्यांनीं ऐकिलीं होतीं त्यांतले पांचसात देवडीवर उभे होते, तेही दुसरीकडे पाहूं लागले.

पंतांनीं घरीं येऊन लेकीस चिठी लिहिली कीं, अक्षय्य तृतीयेस पुलावर पाऊल ठेवूं नकोस, कारण भेटींत सांगेन, आणि ती होडीवाल्याचे हातीं धाडिली. दुसरे दिवशीं उत्तर आलें. वेणूबाईनें लिहिलें होतें कीं, तें कैसें होईल, बाबा; महाराजांची स्वारी त्या तीरावरून यावयाची, पेठेच्या सुवासिनी या तीरावरून जावयाच्या, दोघांची गांठ पुलाचे मध्यावर पडावयाची, आणि सुवासिनींत सर्वांपुढें कळस घेण्याचा मान सासूबाईंनीं मला मिळवून दिला आहे; आणि सहा महिन्यांनीं तुम्हांस भेटावयाचें तें मी एक दिवसही लांबविणार नाहीं. पंतांनीं चिठी दोनदां वाचली. मध्यावर म्हणजे जेथें पूल सर्वांत अधिक झोके खातो तेथें, आणि दोन्हीकडची गर्दी तेथेंच जमणार, आणि पुढें कळस घेऊन लेक. पंत उठले आणि कोठारांत जाऊन त्यांनीं चार सुतीचे खण उघडले.

आतां बोल्ट कोणता घ्यावा हा विचार. मूळचे साडेतीन इंची होते. पण सुभेदारांचे यादींत प्रत्येकीं तीन वायसर लिहिलेले, आणि एकही वायसर कमी दिसला तर कचेरी जागी होईल. तेव्हां वायसर ठेवावेच लागतील, आणि तीन वायसरांचे जाडीइतकी लांबी वाढवावी लागेल. पंतांनीं वायसर रचून मापले, पाव इंच भरले, म्हणजे बोल्ट पावणेचार इंची पाहिजेत. खणांत पावणेचार इंची निघाले अठ्ठ्याऐंशी. आठ कमी. मग चार इंची आठ घेतले आणि कानशीनें प्रत्येकाचा शेंडा पाव इंच घासला, आणि एकेक बोल्ट हातांत असलेले जुने नटांत फिरवून पाहिला कीं शेवटपर्यंत जातो कीं नाहीं. त्या दोन दिवसांत कोठाराचे दाराशीं एक कुत्रें येऊन बसलें आणि उठून गेलें, त्यापलीकडे कोणी आलें नाहीं. काम करतां करतां पंत मोठ्यानें विचारीत, यानें धरावयाचें काय आहे, आणि उत्तर देण्यास कोणी नसल्याकारणें आपणच म्हणत, माझी वेणू.

मग चैत्र वद्य चतुर्थीपासोन पंत पुलावर जाऊं लागले. पकडले गेलों तर काय होईल, हें त्यांस ठाऊक होतें. सरकारी पुलास विनापरवाना हात लावणें म्हणजे राजद्रोह. म्हणोन त्यांनीं एक युक्ति योजिली. पुलाचे कठड्यास रुपेरी रंग देण्याचें काम निघालें होतें, तेव्हां पंतांनीं रंगाचा एक डबा आणि एक कुंचला घेतला, डोक्यास पंचा गुंडाळला आणि ऐन दुपारीं, ऊन रखरखत असतां, सर्वांदेखत फळीवर चढले. डब्याखालीं पिशवींत बोल्ट. एक काढावा, एक बसवावा, आणि दोन एकदम सैल होऊं देऊं नयेत. अडकलेला निघतांना कुरकुर करी, चार सुती मात्र बोटानेंच आंत जाई आणि शेवटचे दोन फेरे पान्ह्यानें. मग शेंडा नटाबाहेर डोकावे, आणि पंत त्यास बोट लावून पाहत, आणि डोक्यावर रंगाचा एक हात फिरवून पुढें सरकत. लोखंड तव्यासारखें तापलेलें, तळहातास फोड आले, फुटले आणि पुन्हां आले. दिवसास दहा, कोठें अकरा. वरून मजूर जात, हवालदार जात, एकदां तर खुद्द सुभेदार गेले आणि खालीं पाहून, रंग सांडूं नका, इतकें बोलून पुढें गेले. पंचवीस वर्षें ज्यांनीं पंतांस पाहिलें होतें तेही वरून गेले. रंगाचा डबा हातीं घेतला म्हणजे माणूस कोणास दिसत नाहीं, हें पंतांस त्या दिवसांत कळलें.

आणि चमत्कारिक गोष्ट ही कीं, पकडले जाण्याचें भय तर होतेंच, पण तिसरे चौथे दिवसापासोन पंतांस वाटूं लागलें कीं कोणीतरी विचारावें. पंत, हें काय करतां, ऐसें एकानें तरी म्हणावें. विचारिलें तर काय सांगावयाचें तेंही त्यांनीं मनांत जुळवून ठेविलें होतें, जाडीपासोन आरंभ करावयाचा, मग लांबी, मग आटे. सातवे दिवशीं पुलाचा पहारेकरी फळीचे टोकाशीं येऊन उभा राहिला आणि बराच वेळ पाहत राहिला. पंतांचे हातांत पान्हा होता आणि पिशवी उघडी होती. आतां सांपडलों ऐसें त्यांस वाटलें, आणि त्यांतही कोठेंतरी बरें वाटलें. पहारेकरी म्हणाला कीं, काका, चुना आहे काय. पंतांनीं नाहीं म्हणून सांगितलें. पहारेकरी गेला. मग पंतांनीं पान्हा खालीं ठेविला, आणि त्यांचे डोळ्यांस पाणी आलें, आणि तें त्यांनीं पंच्यानें पुसलें, आणि उरलेले चार बोल्ट बसवून मगच उतरले. नववे दिवशीं शहाण्णव पुरे जाले. काढलेले शहाण्णव त्यांनीं नेऊन चार सुतीचे खणांत भरले, म्हणजे भट्टींत माल जातांना वजन कमी पडूं नये. तरी थोडें कमी भरेल ऐसें वाटून वर दोन मोडके पान्हे टाकिले.

अक्षय्य तृतीयेस मोठा समारंभ जाला. नदीचे दोन्ही कांठ माणसांनीं फुलले, ताशे वाजले, तोफेची सलामी जाली, महाराजांची स्वारी चौघोडी गाडींत निघाली, मागें मानकरी, मागें वाजंत्री, आणि पैलतीराहून सुवासिनींचा घोळका, पुढें वेणूबाई कळस घेऊन. अंताजीपंत गर्दींत नव्हते. ते पुलाखालीं आपल्या दगडावर होते आणि वर न पाहतां खालचे बाजूनें नट पाहत होते. दोन्ही जमाव मध्यावर आले, पूल ओझ्यानें खालीं वांकला, दोर ताणून गाऊं लागले, तुळया करकरल्या, आणि पंतांनीं श्वास धरला. मग पूल स्थिर जाला. नुसता उभा राहिला, पूल जैसा राहतो तैसा. वर जयजयकार जाला. पंतांनीं श्वास सोडला, आणि नटांबाहेर डोकावणारे शेंडे पुन्हां एकदां ओळीनें पाहून घेतले.

आणि मग जें व्हावयाचें तें जालें. दिवाणसाहेबांनीं पुलाचे मध्यावर उभे राहून भाषण केलें, त्यांत सुभेदारांची तारीफ केली, त्यांस शालजोडी दिली, आणि हंसत हंसत म्हणाले कीं, कांहीं वृद्ध मंडळींचे मतें आपण सर्वांनीं या घटकेस नदींत असावयास पाहिजे होतें. चारशें माणसें खळखळून हंसलीं. त्यांत जांवईही हंसला, आणि सुवासिनींत सासूबाईही हंसल्या, आणि वेणूबाई कळस घेऊन मान खालीं घालून उभी राहिली. दुपारीं कोठारावर शिपाई आले, खण उपसले, गोण्या वजन करून भट्टीकडे नेल्या, वजन बरोबर भरलें. किल्ल्या घेतल्या, मापनविशीचा शिक्का काढून घेतला, आणि उद्यापासोन येण्याचें कारण नाहीं ऐसें समजाविलें. रिकामे खण तेवढे राहिले, ते उघडेच होते.

सायंकाळचे आंत वेणूबाई आली. सहा महिन्यांनीं बापलेक समोरासमोर. तिनें वांकून नमस्कार केला, इकडेतिकडे पाहिलें, आणि गोण्या नव्हत्या म्हणून उंबऱ्यावरच बसली. मग ती म्हणाली,

“बाबा, तुम्ही भर दरबारांत तसें कां बोललांत? आज माझ्यादेखत सगळे तुम्हांस हंसले. घरचेसुद्धां हंसले. मी कोठें पाहूं तें मला कळेना.”

पंतांचे ओठांवर सारें आलें. नटांतली करंगळी आली, नऊ दुपारी आल्या. फोडांचे हात त्यांनीं मागें धरले होते, ते नुसते पुढें केले असते तरी पोर समजली असती. पण पोर समजली तर तिला राहवेल काय? रागाचे भरांत घरीं जाऊन नवऱ्यास म्हणेल कीं, ज्यांस तुम्ही हंसलांत त्यांनींच तुमचा जीव वांचविला. नवरा दशमान कचेरींतला. तो उद्यां सकाळीं लिहून कळवील, कारण त्याची चाकरीच ती. आणि हुकूम तर ऐसा कीं, राज्यांत जेथें म्हणून सुताचे मापाचा बोल्ट सांपडेल तेथून तो काढावा. आठ दिवसांत शहाण्णव बोल्ट निघतील आणि बारा मिलिमीटरचे पुन्हां बसतील, पैलवान पुन्हां लोंबकळेल, आणि दर गुरुवारीं वेणू त्यावरून जाईल येईल. पंतांनीं लेकीकडे पाहिलें. ती तिचे आईसारखी दिसूं लागली होती, हें त्यांस त्या सहा महिन्यांत विसरावयास जालें होतें. मग ते म्हणाले,

“माझेंच माप चुकलें, बाळ.”

वेणूबाईनें डोळे पुसले. ती जवळ आली, त्यांचे खांद्यावर हात ठेविला आणि लहान मुलाची समजूत घालावी तैसें म्हणाली कीं, वयानें होतें बाबा, आतां फार मनास लावून घेऊं नका, आणि आतां दरबारांत वगैरे जाऊं नका. पंत म्हणाले कीं, नाहीं जाणार. मग ती दिवेलागणीचे आंत परतावयाचें म्हणून उठली. पंत नदीपर्यंत पोंचवावयास गेले, पुलाचे तोंडाशीं थांबले, आणि ती एकटी पुलावरून जाऊं लागली. मध्यावर पोंचली तेव्हां वळून हात हालविला. पंतांनींही हालविला, आणि ती पेठेंत दिसेनाशी होईपर्यंत तेथेंच उभे राहिले, आणि त्यांस फार सुख जालें, आणि तें कोणास सांगण्याजोगें नव्हतें.

सारांश ऐसा जे, अंताजीपंत यापुढें अकरा वर्षें जगले आणि त्या अवधींत पुलाविषयीं एक अक्षर बोलले नाहींत. लोकांनीं चेष्टेनें विचारिलें तर, होय, चुकलों, ऐसें म्हणत. पूल छत्तीस वर्षें चालला. मग सिमेंटाचा नवा बांधला आणि हा उतरविला, तेव्हां लोहारांस बोल्ट फिरवितां येईनात, कापावे लागले, आणि कापतांना ते चार सुती निघाले. कचेरीचे दप्तरांत बारा मिलिमीटर लिहिलेले, सबब लिहिणाराची नजरचूक ऐसा शेरा मारून प्रकरण मिटविलें. पुलाचे दगडावर नांव सुभेदार गुणाजीराव यांचें होतें, तो दगड आतां नगरचौकांत ठेविला आहे. वेणूबाई बापावर माया करीत राहिल्या, दर गुरुवारीं येत गेल्या, आणि बाप म्हातारपणीं जरा भ्रमिष्ट जाला होता ऐसेंच शेवटपर्यंत समजून राहिल्या. हकीकत ऐकली तैसी लिहिली. अधिकउणें असेल तें ऐकणारांनीं सांभाळून घ्यावें.